वंगण आपल्या हाती ठेवा



पेरणीचे दिवस होते. जमिनीला वाफसा आलेला. दुसरबीडच्या बैठकीला निघालो आणि माझी मोटरसायकल वाटेतच बंद पडली. ढकलत एका गॅरेजात नेली. दोन दिवस ती तिथेच पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी हातात भलेमोठे बिल आले. रोग काय होता? एअर फिल्टर धुळीने गच्च भरलेला आणि त्यामुळे प्लगवर काजळी धरलेली. एवढेच! बैठकीत हे सांगितले तेव्हा एक वयस्क शेतकरी म्हणाले, "भाऊ, पानावरचा डाग पाहून तुम्ही कपाशीचा रोग सांगता. मग हा एवढासा प्लग काढून का नाही पाहिला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेतकीची पदवी घेतली, कापून दाखवलेले इंजिन पाहून परीक्षा दिली. पण पाना हातात धरून प्लग कधी काढला नव्हता.

आपले आजे-पणजे असे नव्हते. बैलगाडीला वंगणाचे नळकांडे लटकलेले असायचे. चाकाला धाव बसवायची तर सुतार-लोहार लागे; पण कण्याला वंगण घालायला कोणी सुताराचे दार ठोठावत नसे. कोणते काम घरचे आणि कोणते कारागिराचे, ही समज पक्की होती. बैलाच्या जागी मोटरसायकल आली आणि ती समज आपण गाडीच्या किमतीबरोबर दुकानात ठेवून आलो. सिंदखेड राजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्यावर दुचाकीला बंदी आहे. आपली गाडी पळते ती पांदणीतून, काळ्या मातीच्या फुफाट्यातून. दीडशे किलो माणसे आणि ४५ किलोची युरियाची गोणी एकाच वेळी वाहणाऱ्या या गाडीला शहरातल्या गाडीपेक्षा जास्त देखभाल लागते आणि मिळते सर्वांत कमी.

मग घरचे काम कोणते? प्लगपासूनच सुरुवात करू. तो गाडीचे पान आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर गाडी निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त. आधी एअर फिल्टर पाहा. टोक तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे तेल चढते आहे. ते काम मेस्त्रीचे. फोमचा फिल्टर धुता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. फिल्टर काढून गाडी पळवणे म्हणजे इंजिनाच्या पोटात वाळू ओतणे होय.

इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेव्हा, तेवढे आणि त्याच नंबरचे घाला. स्वस्त मिळते म्हणून मोटारीचे ऑइल घालू नका. आपल्या गाडीच्या क्लचप्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात आणि चुकीच्या तेलाने त्या घसरतात. डब्यावर 'जासो एमए' हा शिक्का पाहून घ्या. काढलेले काळे ऑइल विहिरीजवळ ओतू नका, बैलाच्या जखमेला तर मुळीच लावू नका. त्यात झिजलेल्या धातूचा अंश असतो.

गाडी मधल्या स्टँडवर लावून चेन बोटाने खालीवर करा. बहुतेक १०० सी.सी. गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे. सैल चेन उतरते, ताठ चेन बेअरिंग खाते. चेनलॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवा, नाहीतर क्लिप वाटेतच निसटेल. ब्रेकच्या ड्रमवरचा बाण खुणेपर्यंत गेला तर लायनर संपले असे समजा. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका.

इंजिन उघडणे, व्हॉल्व्ह बसवणे, गिअरबॉक्स खोलणे ही धाव बसवण्याची कामे आहेत. ती चांगल्या मेस्त्रीला द्या आणि त्याची मजुरी खुशीने द्या. नवी गाडी हमीच्या मुदतीत असेल तर त्या सर्व्हिसिंगही चुकवू नका.

काही भाऊ घरीच गाडी 'सुधारतात'. मजबूत कॅरिअर जरूर बसवा. पण ३५ वॅटच्या दिव्याच्या जागी १०० वॅटचा लावला तर वायरिंग जळेल. सायलेन्सर पोकळ केला तर आवाज वाढेल, ताकद नव्हे. खरी सुधारणा कशी असते? गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि अवजारांची जोडणी बसवली आणि मोटरसायकलने आंतरमशागत केली. दुष्काळात बैल आणि मजूर मिळेनात म्हणून केलेला हा उद्योग. गरज शेताची, डोकेही शेतकऱ्याचेच.

पण आज मनसुखभाई नवी गाडी उघडतील तर त्यांना काय दिसेल? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन सेन्सर आले. पिवळा दिवा लागतो, पण तो काय म्हणतो हे अनेकदा यंत्राशिवाय कळत नाही. धूर कमी व्हावा हे आम्हालाही हवे आहे. प्रश्न धुराचा नाही, किल्लीचा आहे. पैसे मी मोजले, मग माझ्या गाडीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतीयंत्रांच्या कंपन्यांना दुरुस्तीची माहिती, हत्यारे आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला द्यायला लावले. आपल्याकडे केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीअवजारे आणि वाहने दोन्ही तिच्या विषयात होती. डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळही सुरू झाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. दुरुस्तीची पुस्तिका मराठीत, दिव्याच्या खुणांचा अर्थ आणि सुट्या भागांचे भाव जाहीर, एवढी मागणी आपण करायला हवी.

मागणी करणाऱ्याला आधी आपले हात काळे करावे लागतात. म्हणून एक सुचवतो. प्रत्येक गावाने वर्गणी काढून एक पेटी ठेवावी: पाने, प्लगपाना, हवा मोजायचे गेज, ग्रीसगन. गावातला जाणता पोरगा ती सांभाळील. उत्पादनखर्चाच्या वहीत गाडीचे एक पान उघडा. पेट्रोल, दुरुस्ती आणि बुडालेले दिवस लिहा. त्या पानावरचा आकडा पाहिल्यावर तुम्हाला माझे भाषण लागणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गाडीचा जुना प्लग खिशात घालून आणावा. भाषणे नंतर. आधी प्लग वाचू.