धर्माचा रकाना

डेटाबेस आखताना ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून आम्ही एखादा रकाना ठेवतोच. नेदरलँड्सच्या सरकारनेही १९३० च्या दशकात प्रत्येक नागरिकाचं कार्ड केलं, त्यात धर्माचा रकाना होता. हेतू वाईट नव्हता, कारभार नीट चालावा एवढाच.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा ही कार्डं कपाटात तयार होती. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंनी नाव नोंदवावं असा हुकूम निघाला आणि जवळजवळ सगळ्यांनी नोंदवलं. लपून उपयोग काय? नोंदणी खात्याचा प्रमुख याकोब लेन्ट्झ. त्याला काम चोख लागायचं. त्याने असं ओळखपत्र बनवलं की नक्कल करणं महाकठीण. ज्यूंच्या पत्रावर मोठा ‘जे’. छावणीतल्या पहारेकऱ्यापेक्षा मला या लेन्ट्झची जास्त भीती वाटते. आमच्या क्षेत्रात अशा माणसाला बढती मिळते!

सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मारले गेले. कारणं इतरही होती, पण शोधायला वेळ लागला नाही.

२७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम आरोन्डेयस आणि साथीदार पोलिसांच्या वेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी आग लावली. तरी बहुतेक कार्डं वाचली. आरोन्डेयससह बाराजणांना गोळ्या घातल्या. शिवाय नोंदींची दुसरी प्रत हेगमध्ये होतीच. एप्रिल १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी ती इमारत बॉम्बने उडवली. आत कारकून कामावर होते, त्यांतले कितीतरी मेले.