जागा मोकळी करताना

अंतरवाली सराटीत आमच्या चुलतभावानं घर बांधायला काढलंय. जागा वडिलोपार्जित, गावठाणाच्या कडेची, आणि कैक वर्षं कुणी फिरकलेलं नाही अशी. कर्ती माणसं वाळूजला, पुण्याला पांगली की मागं राहिलेल्या जागेत आधी गाजरगवत येतं, मग रुई, धोतरा, आघाडा, आणि शेवटी वेडी बाभूळ येऊन कायमचा मुक्काम ठोकते. अंबड तालुक्यातल्या कुठल्याही गावात चक्कर मारा, दोन नांदत्या घरांच्या मधे असं एखादं काटवन दिसेलच. बाहेरगावी गेलेलं एकेक कुटुंब त्यात मोजता येतं.

जेसीबीवाला म्हणाला, दोन तासांत मैदान करून देतो. तासाच्या भाड्यात काम उरकतं, म्हणून हल्ली सगळे हेच करतात. मी भावाला म्हटलं, "दादा, मशीन जरूर आण, पण पायाच्या वेळी. आधी माणसं लाव." मला यात जुन्याचा सोस नाही. घराचं पहिलं काम पाया खोदण्याचं नसून जागा मोकळी करण्याचं असतं, आणि ते डोळे उघडे ठेवून करावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. यंत्राच्या सुपड्याला कडुनिंब आणि वेडी बाभूळ यांत फरक कळत नाही.

आता वेडी बाभूळच घ्या. हे झाड इथलं नाही. मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतात आणलं गेलं. कोरड्या मुलखात सरपण मिळावं, उजाड रान हिरवं व्हावं हा हेतू. सरपण मिळालं खरं, दुष्काळी वर्षांत कित्येक चुली त्यावरच पेटल्या. पण शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी गावभर गेलं, आणि झाड कुणाच्या आवरण्यात राहिलं नाही. वरून तोडलं की ते मरत नाही. जमिनीलगत आणि जमिनीखाली वीत-दीड वीत बुडख्याला डोळे असतात. एका खोडाच्या जागी पाच-सहा फुटवे उभे राहतात. जेसीबी नेमका बुडखा मोडतो, अर्धा मातीत दाबतो आणि वर सपाट करून जातो. जमीन स्वच्छ दिसते. मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन हिरवीगार होते.

माणसांनी हे काम कसं केलं ते मी बाजूला उभा राहून पाहिलं. बाई बेळक्यानं काटेरी फांदी उचलून दाबून धरायची आणि तिचा नवरा खाली वाकून कोयता घालायचा. फांद्या निघाल्या की खोड कंबरेएवढं ठेवायचं, अगदी बुडाशी तोडायचं नाही. कारण पुढं तेच हलवायला दांडा म्हणून उपयोगी पडतं. मग चहूबाजूंनी टिकावानं हातभर माती काढायची, आडवी मुळं दिसली की कुऱ्हाडीचे घाव, आणि खाली पहार घालून खोड गदगदा हलवायचं. सोटमूळ तुटतं तेव्हा कडाड असा आवाज येतो. नवऱ्याच्या पायात टायरच्या तळाची जाड चप्पल होती, तरी काटा आरपार गेला. वेड्या बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर पाय चिघळतो, त्यामुळं त्यांनी काम थांबवलं, काटा पूर्ण निघेपर्यंत सुईनं टोकरलं, मगच पुन्हा कुऱ्हाड उचलली. अशा कामाची मजुरी ठरवताना घासाघीस करू नये, एवढं मी भावाला आवर्जून सांगितलं.

मोठं काटवन असलं तर ते कोळशासाठीही दिलं जातं. रायगडकडची कातकरी कुटुंबं दर हंगामाला घर सोडून कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. कित्येकदा उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. लेकरं भट्टीच्या धुरातच वाढतात. आपली जागा फुकटात साफ झाली म्हणून जागामालक खूश होतो. ती कुणाच्या उचलीवर साफ झाली, हे त्यानं विचारायला हवं.

काम कुठून सुरू करायचं यालाही अर्थ आहे. शेजाऱ्याच्या भिंतीकडून सुरुवात करून शेताच्या दिशेनं सरकत जावं. काटवनात घोणस, नाग, विंचू, मुंगूस असे बरेच बिऱ्हाडकरू असतात. त्यांना बाहेर पडायला वाट रानाकडं मिळाली पाहिजे, कुणाच्या ओसरीकडं नको. उलट्या बाजूनं केलं तर साप शेजारच्या गोठ्यात निघतो. आणि काडी लावून मोकळं व्हायचा मोह तर अजिबात नको. दोन घरं सोडून कुणाची तरी कडब्याची गंजी असतेच. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं. त्याच्या एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि अंगाला खाज सुटते ती वेगळी.

झाडी हटली तशी जागा बोलायला लागली. हद्दीचा एक दगड काट्यात सापडला. नमुना आठ आणि मोजणीचा नकाशा हाताशी होताच; शेजारच्या आबांना बोलावून त्यांच्यासमोर दगड दाखवला. मातीत दाबला गेला असता तर याच दगडापायी पुढं दोन पिढ्या तारखा खात बसल्या असत्या. कोपऱ्यातला कडुनिंब ठेवायचं ठरलं. चिंच, आंबा, जांभूळ असतं तर परवानगीशिवाय कुऱ्हाड लावताच आली नसती; वृक्षतोडीचा १९६४चा कायदा तसा आहे. कडुनिंबासाठी कायद्याची वाट कशाला पाहायची? मराठवाड्याच्या उन्हात दारातली सावली विकत मिळत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मातीची निघाली. जागेचा गावाकडचा भाग पांढरीचा आणि शेताकडचा काळीचा. पांढर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, खापरं यांचा थर; भुसभुशीत. आपल्याकडच्या कित्येक पांढरीच्या टेकाडांत जुन्या वस्त्या दडल्या आहेत. आमच्याच जालना जिल्ह्यात भोकरदनला १९७३मध्ये उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळाचे अवशेष हाती आले. म्हणून पांढरीत खणताना काही जुनं निघालं तर ते गुपचूप पोत्यात भरू नये. दहा रुपयांहून जास्त मोलाचं सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८चा कायदा सांगतो. शेताकडची काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एकाच घराची एक भिंत पांढरीवर आणि दुसरी काळीवर उभी केली तर भिंतींना तडे जाणारच. चारही कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम कुठं लागतो ते पाहिल्याशिवाय पायाची आखणी करायची नाही, असं मिस्त्रींनीच बजावलं. झाडी उभी असती तर हे खड्डे कुठं घेतले असते?

मोठं रान मोकळं करणं या गावाला नवं नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात १४ ऑक्टोबर २०२३च्या सभेसाठी इथं शंभरावर एकर रान तयार केलं होतं आणि त्यासाठी गावोगावचे हात राबले होते. घराच्या जागेला मात्र बहुतेकदा घरातलीच दोन-चार माणसं असतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये मिळत आले आहेत. त्यात २५ चौरस मीटरचं घर उभं करायचं. काटवन उपटण्याचा वेगळा हिशेब त्यात नाही. ज्याच्या वाट्याला अशी जागा आली त्याचा पैसा पायाआधीच संपायला लागतो. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानं देशाला दिली. घरकुलाची जागा मुळासकट साफ करून देण्याचं काम ग्रामपंचायतीनं मजुरीवर का काढू नये? गावातल्या हातांना काम मिळेल आणि विधवा बाईला, म्हाताऱ्याला कुऱ्हाड घेऊन काट्यात उतरावं लागणार नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचं भावानं कबूल केलंय. तोवर आमच्या जागेत पहिल्या पावसानंतर एक फेरी ठरलेली आहे. राहिलेल्या मुळांचे फुटवे आणि नवी रोपं बोटभर असतानाच ओली माती मऊ आहे तोवर उपटून घ्यायची, आणि त्यानंतरच मिस्त्रींना सुतळी-चुना घेऊन बोलवायचं.