ब्री-यार्क म्हणजे काय रे भाऊ?

दिवाळीला हिंगोलीला घरी जाताना बॅगेत लॅपटॉप घेतला, दोन डेडलाइन्स घेतल्या, आईसाठी साडी घेतली आणि फासे पुण्यातच विसरले. तुम्ही म्हणाल, फाशांचं एवढं काय टेन्शन? तर मंडळी, हे सापशिडीचे फासे नव्हेत. चार, आठ, बारा, अगदी वीस बाजूंचे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे. आणि चुलत-मामे मिळून पाच पोरांना मी फोनवर प्रॉमिस करून बसले होते, की यंदा मोबाइल बाजूला, ताई गेम खेळवणार.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. समोर दार आहे, काय करता? लाथ घालता? टाका फासा. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हे वेड बाजारात आणलं. गोष्ट स्वतः रचायची नसेल तर तयार, छापील मिळते. तिला ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात. नव्या आवृत्तीची जाडजूड रंगीत पुस्तकं माझ्याकडे आहेत, पण जीव जुन्यांवर.

‘टूम ऑफ हॉरर्स’ (1978) घ्या. भिंतीवर हिरवा राक्षसी चेहरा, तोंड उघडं. त्या तोंडात जो शिरतो तो संपतो. फासा नाही, अपील नाही. यावरून आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये खरीखुरी भांडणं झालीयेत. किंवा ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोचं ‘रेव्हनलॉफ्ट’ (1983). त्यात साधे खेळायचे पत्ते मांडायचे आणि त्यावरून ठरतं, की किल्ल्यातला व्हॅम्पायर कुठे गाठ घालणार. म्हणजे दुसऱ्यांदा खेळलात तर गोष्ट वेगळी. सॉलिड! पण पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी माझं मत एकच: ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. गायगॅक्सचंच, 1979चं. सीमेवर एक किल्ला, जवळच्या घळीत गुहा, गुहांमध्ये गॉब्लिन आणि त्यांचे भाईबंद. बस्स. 2025 मध्ये कंपनीने नवा स्टार्टर सेट काढला, तोही याच मुलखावर बेतलेला.

फाशांचं काय केलं? जुन्या लग्नपत्रिका कापल्या, 1 ते 20 आकडे टाकले आणि चिठ्ठ्या स्टीलच्या पेल्यात. पोरांची तोंडं पडली. मग मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. त्या काळात कंपनीलाच फासे पुरेनात, तेव्हा बेसिक सेटच्या खोक्यात तिने चक्क आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते. ते कपात टाकायचे आणि एकेक काढायचा. म्हणजे आपलंच व्हर्जन ओरिजिनल!

आता या पुस्तकाची मजा. किल्ल्यात किल्लेदार आहे, लोहार आहे, खानावळवाला आहे, कर्ज देणारा पेढीवाला आहे, आणि कोणालाही नाव नाही. पुण्यात मी प्रत्येकाला गुळगुळीत इंग्रजी नावं ठेवली होती. इथे पोरांनी पाच मिनिटांत अख्खा किल्ला आमच्या गल्लीने भरून टाकला. पेढीवाल्याला कोणाचं नाव दिलं ते छापत नाही, मला पुन्हा घरी जायचंय. गुहेत उतरायची वेळ आली तेव्हा वर्णन करावंच लागलं नाही. धाकटी म्हणाली, “औंढ्यासारखं? गाभाऱ्यात जातो तसं?” औंढा नागनाथला गेलेल्यांना कळेल. खाली उतरायची ती चिंचोळी वाट, वाकून, अंग चोरून, एकामागून एक. लगेच भांडण सुरू, पुढे कोण जाणार?

पुस्तकात 20 अफवांची एक यादी आहे. प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला चिठ्ठीने अफवा मिळते, आणि त्यातल्या काही खोट्या असतात. मामेभावाला मिळाली ती अशी: ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत ‘आम्ही शरण आलो’. गुहेत पहारेकरी ओरडले, “ब्री-यार्क!” हा गडी खूष. “शरण यायलेत ते, तलवारी खाली ठेवा!” ठेवल्या. खरा अर्थ साधारण ‘धावा रे, राडा झालाय’ असा आहे. पलीकडे एक आडदांड ओगर राहतो. गॉब्लिन त्याच्याकडे सोन्याच्या नाण्यांची थैली फेकतात आणि तो पैसे वसूल करायला येतो. आमचे दोन वीर तिथेच आडवे झाले. आजी पलीकडे कापसाच्या वाती वळत होती, तिला इतकं हसू आलं की वाती राहिल्या बाजूला.

शेवटी जिंकले कसेबसे. पुढची खोली गॉब्लिनांच्या घरांची. तिथे पुस्तक निर्विकारपणे आकडे देतं: पुरुष इतके, बायका इतक्या, पोरं इतकी. पोरं लढत नाहीत, एवढं सांगून गायगॅक्ससाहेब पुढच्या खोलीत. त्यांचं करायचं काय, यावर अवाक्षर नाही. पुण्यात हे वाक्य आम्ही कधी वाचलंच नव्हतं नीट. खजिना मोजला नि पुढे गेलो. इथे पेला फिरायचा थांबला.

“ताई, पुस्तकात काय लिहिलंय?” दहावीतल्याने विचारलं.

“काही नाही. तुम्ही ठरवायचं.”

मामेभाऊ म्हणाला, सोडून द्या, जातील कुठंतरी. धाकटी म्हणाली, कुठंतरी म्हणजे कुठं? बाहेर जंगल आहे, यांच्या बापांना आपणच मारलं. किल्ल्यावर न्यायचं ठरलं, तर किल्लेदार आत घेईल का? दहावीतला बराच वेळ चिठ्ठ्यांशी खेळत होता. जूनमध्ये तो लातूरला क्लासला जाणार, हॉस्टेलचं ॲडव्हान्स भरून झालंय. “घेतील,” तो म्हणाला. “पण नवीन जागा, नवीन माणसं... त्यांना सवय होईस्तोवर आपण तिथं थांबायला पाहिजे.”

रात्रीचा एक वाजला होता. आईने लाइट बंद केला आणि गेम तिथेच थांबला, पोरं गुहेच्या तोंडाशी, हातात हात धरून. दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती.

चिठ्ठ्या आजीने बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवल्यात. परवा रात्री दहावीतल्याचा मेसेज आला. अभ्यासाबद्दल काही नाही. फक्त एवढंच: “ताई, किल्लेदार काय म्हणाला?”