विरोध आणि विरोधाचा देखावा

कथात्म साहित्यातील विरोधतत्त्वाची मराठीतील चर्चा बहुधा जोड्या लावण्यापाशीच थांबते. एका बाजूस खेडे, दुसऱ्या बाजूस शहर. एका बाजूस भोळा, दुसऱ्या बाजूस धूर्त. अशी मांडणी आढळली की कलाकृतीला ‘परिमाण’ लाभले, असा निर्वाळा दिला जातो. हा निर्वाळा मुळातच सदोष आहे. दोन भिन्न वस्तू शेजारी ठेवल्याने केवळ भेद दिसतो. एकीच्या अस्तित्वामुळे दुसरीचा दावा धोक्यात येतो, तेव्हाच विरोध निर्माण होतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) साक्षर मास्तर आणि निरक्षर धनगरवस्ती ही जोडी वरवरच्या वाचनाला पुरेशी वाटते. प्रत्यक्षात शिकवायला आलेला तरुण मास्तरच वाडीकडून शिकत जातो; कारभाऱ्याच्या पाठबळावाचून त्याची शाळा उभी राहत नाही. अखेरीस दुष्काळ वाडीच ओस पाडतो आणि जोडीतले एक पद नाहीसे होते. स्थळाला पार्श्वभूमी मानणाऱ्या समीक्षेला या शेवटाचे काय करावे, हे उमगत नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’बाबत (१९६३) हा घोटाळा अधिक गंभीर होतो. सांगवी म्हणजे मुळे आणि पुणे म्हणजे परात्मता, हे समीकरण मांडणाऱ्यांना पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या घरातही उपराच का राहतो, याचे उत्तर देता येत नाही. मनीचा मृत्यू तर गावातच घडतो. वसतिगृह आणि घर या दोहोंना निवेदकाचा तोच तिरकस स्वर लागू होतो. म्हणजे येथील विरोध या दोन्ही व्यवस्था आणि त्यांत न मावणारी जाणीव यांच्यात आहे. स्थळांची जोडी हा त्याचा केवळ दर्शनी भाग होय.

स्थूल विरोधावाचून लोककथा, किंबहुना आख्यानच संभवत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. लोककथेपुरता तो ग्राह्य आहे. कारण तिच्यातील पात्रे नेमून दिलेले कार्य पार पाडतात, अंतर्विश्वाचा दावा करीत नाहीत. आधुनिक कादंबरीने मात्र व्यक्तीचे व्यक्तिपण प्रमाण मानले आहे. तिच्यात स्थळानेच नैतिक निकाल आधी देऊन टाकला, तर पात्र त्या निकालाचे साक्षीदार तेवढे उरते.

ग्रामीण आणि नागर अशा कप्प्यांत साहित्य वाटणारी, अभ्यासक्रमांत रुजलेली समीक्षा नेमके हेच करते. ती खेड्याला निरागसतेचा मान देते आणि गुंतागुंतीचा हक्क त्याच्याकडून काढून घेते. असा गौरव ही खेड्याची फसवणूकच होय.