च आणि ज यांच्याखाली एक नुक्ता

हैदराबादच्या मराठी घरांतल्या मुलांच्या कानांवर दिवसभर तेलुगू, दख्खनी आणि इंग्रजी पडते; मराठी बहुधा घरापुरती. असे मूल मराठी वाचायला बसले की ‘जग’पाशी अडते. ‘हे जग मोठे आहे’ यातला ज वेगळा आणि ‘सुखाने जग’ यातला वेगळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांचेही तेच. व्याकरणात तालव्य आणि दंततालव्य हा भेद आहे, लिपीत मात्र नाही. सांगलीच्या मुलाला तो ऐकून येतो, हैदराबादच्या काचीगुड्यातल्या मुलाला मुद्दाम सांगावा लागतो. म्हणून शब्दकोशांत आणि पहिल्या वाचनपुस्तकांत दंततालव्य अक्षराखाली नुक्ता द्यावा, ‘ज़ग’, ‘च़ारा’ असे छापावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात अघटित काही नाही. तेलुगूतही हे दोन्ही उच्चार आहेत. दंततालव्य च आणि ज यांच्यासाठी तिथे वर खूण केलेली वेगळी अक्षरे आहेत आणि २००८ साली ती युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आली. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ही त्याच आवृत्तीतला. काश्मिरी देवनागरीत लिहिताना च़ वापरतातच. आपणही ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा फरक लिहून दाखवतो. इंग्रजीतून आलेल्या ‘ॲ’ आणि ‘ऑ’साठी चिन्हे स्वीकारली, घरच्या उच्चारांची सोय राहून गेली, याचे वाईट वाटते.

१९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अक्षरांवरची टिंबे कमी केली, आता खाली नवी कशाला, असे कुणी म्हणेल. पण ते अनुस्वार उच्चारले जात नव्हते. हा उच्चार रोज तोंडात आहे. नुक्ता पाहून हिंदीची सवय असलेले मूल ‘नज़र’मधला ज उच्चारेल, हे खरे, तरी तो तालव्य ‘ज’पेक्षा जवळचाच. उच्चार प्रदेशागणिक बदलतो, हा आक्षेप अधिक वजनाचा. मात्र कोश प्रमाण उच्चार देतो, आणि दुसरा रूढ असेल तर तोही शेजारी देता येतो. रोजच्या लेखनावर ओझे पडेल ही भीती तर हैदराबादेतलीच उर्दू दूर करते: वर्तमानपत्रांत आणि पाट्यांवर ज़ेर-ज़बर या स्वरखुणा सहसा नसतात, मुलांच्या ‘कायद्या’त, म्हणजे पहिल्या वाचनपुस्तकात, असतात. वाचन पक्के झाले की खुणा सुटतात. मराठी कोशकारांनी आणि बालवाचने छापणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीपासून हा नुक्ता द्यावा. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी संस्थांनी तशी मागणी लेखी करावी.