न निघणारा बोल्ट

मराठीच्या प्राध्यापकाने हातात पाना धरू नये, असा काही नियम विद्यापीठाने केलेला नाही. करायला हवा होता, असे मला गेल्या दिवाळीपासून वाटू लागले आहे.

त्याचे असे झाले. आमच्या चिरंजीवांनी शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून एक जुनी मोटारसायकल घेतली आहे. तिच्या अंगावर पुढून दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा अंगरखा असतो. त्याला फेअरिंग म्हणतात. वाऱ्याला वाट करून द्यायची आणि स्वाराच्या छातीवरचा मार चुकवायचा, हे त्याचे काम. ही कल्पना शर्यतीच्या मैदानातली. इटलीतल्या मोटो गुझ्झी कारखान्याने तर १९५० साली केवळ याच अभ्यासासाठी वाऱ्याचा बोगदा बांधला होता. पुढे अख्खे पुढचे चाक झाकणारी फेअरिंग निघाली. पण आडव्या वाऱ्यात ती गाडीला भरकटवू लागली, म्हणून १९५८ पासून जागतिक शर्यतींतून तिला रजा मिळाली. हे सगळे मी वाचून ठेवले होते. वाचण्यात मी कधी कमी पडत नाही.

तर या अंगरख्याची डावी बाजू खुळखुळू लागली होती. दिवाळीच्या आधीचा रविवार. दुसऱ्या दिवशी पहाटे फराळाचे डबे घेऊन चिरंजीव साताऱ्याला आजोळी निघणार. "मेकॅनिककडे टाकून येतो," तो म्हणाला. "त्यात काय मेकॅनिक?" मी म्हणालो. "आजोबांच्या स्कूटरची डिकी मी दहाव्या वर्षी काढत होतो!" स्वयंपाकघरातून चकलीच्या सोऱ्याचा आवाज क्षणभर थांबला. सौभाग्यवतींनी काही म्हटले नाही. त्यांचे न म्हणणे मला चांगले ऐकू येते.

चिरंजीव बाजारात गेले आणि मी वडिलांची हत्यारपेटी उघडली. तीन बोल्टांपैकी वरचे दोन मुकाट्याने निघाले. तिसरा खाली, पुढच्या चाकामागे. तिथे पावसाळाभर चिखल बसलेला. लोखंडाला गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो. त्यामुळे बोल्ट आणि नट यांच्या आट्यांत तो पाचरीसारखा बसतो. बोल्टाच्या डोक्यात सहा कोनांची खाच होती, पाच मिलिमीटरची. मी घातलेली किल्ली होती वडिलांच्या काळातली, तीन-सोळांश इंची. म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. किल्लीवर ते कोरलेलेही होते. ज्याचे पोट अक्षरांवर चालते, त्याला नेमके तेच वाचायचे सुचले नाही!

मी जोर केला. खाचेचे सहाही कोपरे झिजून ती अंगठीसारखी गोल झाली. बोल्ट जागचा हलला नाही. मग मला राग आला, आणि रागावलेला मास्तर जे करतो ते मी केले: सगळा पत्रा हाताने हिसडला. कट् असा आवाज झाला. पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कान असतो, तो रबरी भोकात बसून वरचा भाग धरून ठेवतो. तो कान मोडून माझ्या हातात आला.

पुढे जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. टेबलाच्या खणातून झटपट चिकटणारा गोंद काढला, कान जागेवर चिकटवला, वरचे दोन बोल्ट आवळले, खालच्या बोल्टावर थोडा चिखल लावला आणि हात धुऊन वर्तमानपत्र उघडले.

चिरंजीव आले, चौकात एक फेरी मारून आले. "बाबा, आवाज गेला! मानलं तुम्हाला." सौभाग्यवतींनी शेजारच्या काकूंना ही बातमी गॅलरीतूनच दिली. संध्याकाळी ताटात एक चकली जास्त आली. ती घशाखाली उतरेना.

रात्री अकरा वाजले तरी डोळा लागेना. खंबाटकीचा घाट डोळ्यांपुढे येत होता. तिथला आडवा वारा, शेजारून जाणारा ट्रक, आणि गोंदाच्या एका थेंबावर टेकलेले ते प्लॅस्टिक. ते सुटले तर बाहेर पडेल, किंवा चाकाकडे वळेल. वर्गात एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक नसली की मी दोन संस्कृत धातू जोडून वेळ मारून नेतो. त्याने कोणाचे हाड मोडत नाही, इतकेच.

मी उठलो आणि त्याला हलवून जागे केले. "उद्या जाऊ नकोस," म्हणालो, आणि सगळे सांगून टाकले, चिखलासकट.

तो उठून बसला. मला वाटले, आता हसेल किंवा चिडेल. तो थोडा वेळ पायांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बरं. सकाळी आजीला फोन करू."

सोमवारी मी स्वतः त्याच्याबरोबर नाक्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बोल्टाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "सर, जबरदस्तीनं नाही निघत." आधी ब्रशने खाच साफ केली, गंज सोडवणारे तेल मारले आणि सांगितले, "आज राहू द्या." दुसऱ्या दिवशी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले, म्हणजे गंजाची पकड फुटते. मग गोल झालेल्या खाचेत किंचित मोठा, सहा पाकळ्यांचा टॉर्क्स बिट ठोकून बसवला. आधी बोल्ट आवळायच्या दिशेने जरासा हलवला, मग सोडायच्या. करकरत तो आला. जवळ प्लॅस्टिक आणि पेट्रोलची टाकी, म्हणून त्याने ज्योत वापरली नाही, हेही मी पाहून ठेवले.

खुळखुळण्याचे मूळ तेव्हा दिसले. बोल्टाभोवतीचे रबर कुजून गेले होते आणि त्यातली धातूची छोटी नळी हरवली होती. ती नळी असली म्हणजे बोल्ट पुरता आवळला तरी प्लॅस्टिक चिरडत नाही.

मग त्याने मोडलेला कान उजेडात धरला. "सर, हे सगळं तुमचं नाही." मोडलेल्या कडेचा अर्धा भाग ताजा, स्वच्छ होता, उरलेल्या अर्ध्यात जुना चिखल भरला होता. "हा तडा आधीचा. गाडी पडलीय कधीतरी."

चिरंजीवांनी मान खाली घातली. श्रावणात, ओल्या रस्त्यावर, तो गाडीसकट घसरला होता. गुडघा फुटला होता. आम्ही गाडी विकायला लावू, म्हणून घरी बोलला नव्हता. महिनाभर घरात फुल पँट घालून वावरला होता. मला वाटले होते, मुलगा आता टापटीप राहू लागला!

रागवावे, असे मनात आले. पण रागवायचे कोणत्या तोंडाने?

मेकॅनिकने स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने प्लॅस्टिकमध्ये वितळवून कान पक्का केला. नवे रबर, नवी नळी, नवा बोल्ट. आट्यांना गंजरोधक ग्रीस. सगळे बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवून बसवले, पत्रा जागेवर आल्यावरच थोडे थोडे आवळले. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना, ते पाहिले. बिल झाले त्यातला अर्धा भाग मी दिला, अर्धा त्याने.

बुधवारी पहाटे तो निघाला. मी जिन्यात उभा होतो. "हळू जा," म्हणालो. "आणि पडलास तर..."

"सांगेन," तो म्हणाला.

दहाच्या सुमारास साताऱ्याहून फोन आला. आवाज नाही, गाडी उत्तम, आजीने दोनदा चहा पाजला. मी हत्यारपेटी पुन्हा माळ्यावर ठेवली. इंची किल्ल्यांना एक चिठ्ठी बांधली आहे, आणि तीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: 'आधी वाचा.'