खड्डा खणण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा

बंगल्यामागे स्विमिंग पूल बांधायची हौस आता आपल्यासारख्या छोट्या गावांतही आलीय. हौसेला मोल नसतं, मान्य. पण पाण्याला आहे ना?

साधा हिशेब बघा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल पूल म्हणजे ४८ हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. म्हणजे पाच माणसांच्या घराचं जवळपास सहा महिन्यांचं पाणी! उन्हाळ्यात वाफ होऊन उडेल ते वेगळंच.

"आमची स्वतःची बोअर आहे," असं म्हणाल. पण जमिनीखाली कंपाउंड नसतं. तुमची मोटर चालली की शेजारच्याची बोअर आटू शकते. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, विसरलात?

बांधूच नका, असं नाही. पण फिल्टर बसवा, म्हणजे पाणी सारखं बदलावं लागत नाही. वापर नसताना पूल झाकून ठेवा. लहान पोरांसाठी कुंपण घाला. छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत जिरवा.

आणि नगरपालिकेने परवानगी देताना एवढंच विचारावं : पाणी कुठून आणणार? उत्तर नसेल तर सही नको.